एका दडलेल्या रोगाच्या ओळखीची हकीकत



आजच्या भाषणाचा विषय कानांवर पडतांच कांहीं घरांतून रेडिओचा आवाज थोडा उतरविला जाईल, याची मला कल्पना आहे. गर्भाशयाच्या मुखाला होणाऱ्या कर्करोगाची ओळख माणसाला कशी पटत गेली, त्याची हकीकत मी आपणांस सांगणार आहें. ज्यांना आवाज उतरवावयाचा असेल त्यांनीं तो खुशाल उतरवावा. यंत्र मात्र बंद करूं नये, एवढीच विनंति.

आपल्याकडील स्त्रिया गर्भाशयाला पिशवी म्हणतात आणि त्याच्या मुखाला पिशवीचें तोंड. वैद्यकाच्या ग्रंथांतील नांवापेक्षां हें नांव मला अधिक नेमकें वाटतें. कारण पिशवीच्या तोंडाप्रमाणेंच हा भाग बाहेरून गांठतां येण्याजोगा आहे. यकृताला किंवा जठराला कर्करोग झाला तर तो कित्येक दिवस कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहीं. गर्भाशयाचें मुख मात्र एका साध्या उपकरणाच्या साहाय्यानें, दिव्याच्या उजेडांत, दोन मिनिटांत उघड्या डोळ्यांना दिसतें. शिवाय येथला कर्करोग अतिशय मंदगति आहे. पेशींत पहिला बिघाड सुरू झाल्यापासून खरा कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक काळ लोटतो. आणि तेवढ्या अवधींत बिघडलेला भाग नाहींसा केला तर पुढचा अनर्थ टळतो. इतकी लांब सूचना देऊन येणारे रोग फार थोडे. असें असूनहि २०२० या एका सालीं भारतांत सुमारें सव्वा लाख स्त्रियांना हा रोग नव्यानें झाला व सुमारें ७७ हजार स्त्रिया त्यानें दगावल्या, असा अंदाज आहे. पाहण्यास सोपा, हातीं वेळ भरपूर, आणि तरीहि एवढे मृत्यु! ही विसंगति कशी उत्पन्न झाली, हें कळण्यासाठीं बरेंच मागें गेलें पाहिजे.

प्रथम इटलींतील व्हेरोना शहरांत जाऊं. डोमेनिको रिगोनी-स्टर्न नांवाच्या वैद्यानें १८४२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठीं त्यानें कोणाचें शरीर तपासलें नाहीं, कीं कांहीं प्रयोग केला नाहीं. त्यानें शहरांतील १७६० पासून १८३९ पर्यंतच्या मृत्यूंच्या नोंदी घेतल्या आणि कर्करोगानें मेलेल्यांची मोजदाद केली. त्याला असें आढळलें कीं, गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत व विधवांत वारंवार दिसतो, परंतु मठांतील ख्रिस्ती संन्यासिनींत क्वचितच. उलट स्तनांचा कर्करोग त्या संन्यासिनींतच अधिक. यावरून पहिल्या रोगाचा संबंध कोठें तरी स्त्रीपुरुषांच्या सहवासाशीं असला पाहिजे, असा तर्क निघतो. तर्क बरोबर होता. परंतु पुढील काळांत त्याचा उपयोग रोग टाळण्यापेक्षां रोगिणीला नांवें ठेवण्याकडेच अधिक झाला. वास्तविक ज्या स्त्रीनें जन्मांत नवऱ्यावांचून दुसरा पुरुष पाहिला नाहीं तिलाहि हा रोग होतो, आणि तो कोणाकडून आला हें सांगण्यास वैद्य लागत नाहीं. तरी आजहि या रोगाचें नांव घेतांना लोक आवाज खालीं आणतात. त्या कुजबुजीचें मूळ इतकें जुनें आहे.

पुढचा टप्पा जर्मनींतील आहे. १९२४-२५ च्या सुमारास हान्स हिन्सेलमान या स्त्रीरोगतज्ज्ञानें भिंग आणि दिवा यांची जोडणी करून गर्भाशयमुख मोठें करून पाहण्याचें एक यंत्र बनविलें. त्यालाच पुढें कॉल्पोस्कोप हें नांव रूढ झालें. मुखावर नेहमीं चिकट स्राव असतो. तो पुसून काढण्यासाठीं हिन्सेलमान पातळ ॲसेटिक ॲसिड लावीत असे. हें म्हणजे शिरक्यांतील आंबट द्रव्य. स्राव तर निघालाच, पण त्याबरोबर एक चमत्कार दिसूं लागला. निरोगी भाग गुलाबी राही आणि संशयित भाग पाहतां पाहतां पांढरा होई. बिघडलेल्या पेशींचीं केंद्रकें मोठीं व दाट असतात. आंबट द्रव्यानें त्यांतील प्रथिनें थोडा वेळ गोठल्यासारखीं होतात आणि उजेड आंत न शिरतां परत फिरतो. कांहीं मिनिटांनीं हा पांढरेपणा आपोआप ओसरतो. त्याच सुमारास व्हिएन्ना येथील वॉल्टर शिलर यानें आयोडीनची परीक्षा काढली. निरोगी पेशींत ग्लायकोजेनचा सांठा असल्यामुळें त्या आयोडीननें तपकिरी होतात. बिघडलेल्या पेशींना हा रंग चढत नाहीं.

शिरक्याची ती बाटली आपण स्मरणांत ठेवावी. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतर ती मुंबईच्या झोपडपट्टींत पुन्हां आपल्याला भेटणार आहे.

परंतु हिन्सेलमानविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. नाझी राजवटींत रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात त्या जमातीच्या स्त्रियांची सक्तीनें वंध्यीकरणें करण्यांत आलीं. त्यांत भाग घेतल्याबद्दल हिन्सेलमानला युद्धानंतर १९४६ सालीं तीन वर्षांची शिक्षा झाली. ऑश्विट्झच्या छावणींत तर नाझी डॉक्टरांनीं गर्भाशयमुखाच्या संशोधनासाठीं कैदी स्त्रियांनाच वापरलें. ज्या यंत्रानें पुढें असंख्य स्त्रियांचे प्राण वांचले त्याच्या जन्मकथेला हा डाग आहे. स्त्रीच्या शरीराकडे पाहणाऱ्याला तिची परवानगी लागते कीं नाहीं, हा प्रश्न या इतिहासांत वारंवार उपस्थित होतो.

आतां अटलांटिकच्या पलीकडे वळूं. जॉर्ज पापानिकोलाउ हा १८८३ सालीं ग्रीसमधील युबिया बेटावर जन्मला. डॉक्टरकी शिकून व जर्मनींत प्राणिशास्त्राची पदवी घेऊन तो १९१३ सालीं बायकोसह न्यूयॉर्कला उतरला, तेव्हां दोघांनाहि इंग्रजी भाषा धड येत नव्हती. पोटासाठीं त्यानें एका मोठ्या दुकानांत गालिचे विकले. त्याची बायको अँड्रोमाकी तेथेंच गुंड्या शिवीत असे. पुढें कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्याला काम मिळालें. गिनीपिगच्या मादीचें बीज नेमकें कोणत्या दिवशीं पक्व होतें हें तिला न मारतां ओळखावयाचें होतें. म्हणून मनुष्याचें नाक तपासण्याचें लहानसें उपकरण घेऊन तो रोज मादीच्या योनिमार्गांतील स्राव कांचेवर पसरूं लागला, आणि पेशींच्या रूपांत दिवसागणिक होणारे फरक त्याला दिसूं लागले.

जें गिनीपिगांत दिसतें तें स्त्रियांत दिसेल काय? हें पाहण्यासाठीं रोज नमुना देणारी स्त्री हवी होती. ती घरांतच होती. अँड्रोमाकी, जिला अमेरिकेंत सारे मेरी म्हणत, हिनें कित्येक वर्षें जवळजवळ रोज आपला नमुना नवऱ्याच्या सूक्ष्मदर्शकाखालीं दिला, आणि त्याच्या प्रयोगशाळेंत सहकारी म्हणून बिनपगारी कामहि केलें. परीक्षेला नांव नवऱ्याचें मिळालें. तेंहि अर्धें तोडून. जगभर ती पॅप परीक्षा म्हणून ओळखली जाते. ज्या शरीराच्या आधारावर ती उभी राहिली त्या शरीराचें नांव मात्र फारसें कोणाला ठाऊक नाहीं.

हें काम चालू असतां कांहीं स्त्रियांच्या नमुन्यांत त्याला कर्करोगाच्या पेशी स्पष्ट दिसल्या. १९२८ सालीं अमेरिकेंतील बॅटल क्रीक येथील एका परिषदेंत त्यानें हें जाहीर केलें. ऐकणारांनीं तें मनावर घेतलें नाहीं. मुखाचा तुकडाच कापून तपासतां येत असतां ओघळून आलेल्या सुट्या पेशी कशाला चाळावयाच्या, असा त्यांचा सवाल. रुमानियांतील ऑरेल बाबेश यानें तर त्याच्याहि आधीं, १९२७ च्या जानेवारींत, बुखारेस्ट येथें अशीच पद्धति मांडली होती. तो प्लॅटिनमच्या तारेच्या फांसानें थेट मुखावरील पेशी उचलीत असे. दोघांनीं एकमेकांचें काम पाहिलें नव्हतें. पापानिकोलाउ पुन्हां आपल्या गिनीपिगांकडे वळला. पुढें हर्बर्ट ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञाच्या जोडीनें त्यानें मोठ्या संख्येनें नमुने तपासले. १९४१ सालीं त्यांचा निबंध आणि १९४३ सालीं पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि मग मात्र वैद्यकविश्वानें कान टवकारले. अगदीं प्रारंभींचा, अजून कर्करोग न झालेला बिघाडहि या परीक्षेंत ओळखूं येतो, हें तिचें खरें बळ. निरोगी दिसणाऱ्या स्त्रीला, तिची कांहीं तक्रार नसतांना, केवळ रोग टाळण्यासाठीं तपासावयाचें, ही कल्पना येथून रुजली. १९४९ सालीं कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत तिचा पहिला सार्वत्रिक कार्यक्रम सुरू झाला. पुढें फिनलंड, आइसलंड इत्यादि देशांनीं प्रत्येक स्त्रीला ठराविक वर्षांनीं पत्र पाठवून बोलावण्याची पद्धत बसविली, आणि तेथें या रोगाचे मृत्यु झपाट्यानें खालीं आले.

रोगाचें कारण मात्र अजून अंधारांतच होतें. १९५१ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें हेन्रिएटा लॅक्स ही काळी स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें वयाच्या ३१ व्या वर्षीं मरण पावली. तिच्या गांठींतील पेशी तिला न विचारतां काढून घेतल्या होत्या. त्या प्रयोगशाळेंत अखंड वाढत राहिल्या आणि जगभर संशोधनास लागल्या. पुढें जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यानें १९८३ व १९८४ सालीं या कर्करोगाच्या गांठींतून मानवी पॅपिलोमा विषाणूचे दोन प्रकार, सोळावा व अठरावा, वेगळे काढले. त्यांतील अठरावा प्रकार हेन्रिएटाच्या त्या पेशींतहि सांपडला. त्सुर हाउसेनला २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. व्हेरोनाच्या वैद्याचा तर्क अखेर खरा ठरला: सहवासांतून येणारा एक अतिशय सामान्य विषाणु हेंच मूळ. तो बहुसंख्य स्त्रीपुरुषांना आयुष्यांत केव्हां ना केव्हां गांठतो, आणि बहुतेकांच्या शरीरांतून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या स्त्रियांत तो ठाण मांडून बसतो, धोका त्यांनाच. यांत कोणाच्या शीलाचा प्रश्न नाहीं. सर्दीच्या विषाणूबद्दल आपण कोणाचें शील काढीत नाहीं.

एवढें सगळें हातीं असतां आपल्या देशांत तें कां पोचलें नाहीं? पहिलें कारण सोपें आहे. पॅप परीक्षेला केवळ कांच व काडी पुरत नाहीं. नमुना घेणारी स्त्री हवी, तो रंगविणारा हवा, दिवसभर सूक्ष्मदर्शकावर डोळा ठेवून हजारो निरोगी पेशींतून एखादी बिघडलेली हेरणारा तज्ज्ञ हवा. आणि उत्तर आल्यावर त्या स्त्रीला पुन्हां शोधून बोलावणारी यंत्रणा हवी. उत्तर येईपर्यंत स्त्री दुसऱ्या गांवीं कामाला गेलेली असते.

दुसरें कारण अधिक खोल आहे. आपल्याकडे स्त्री आपलें अंग डॉक्टरला दाखवीतच नाहीं. १८८६ सालीं मुंबईंत कामा रुग्णालय उघडलें, तेंच मुळीं स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांनींच तपासावें या हेतूनें. एडिथ पेची यासाठीं इंग्लंडहून आल्या होत्या. त्या गोष्टीला शंभर वर्षें उलटून गेल्यावर परिस्थिति किती पालटली होती? गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ च्या जानेवारींत लॅन्सेट या नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. ज्यांना तक्रार आहे केवळ त्यांनाच न तपासतां गांवांतील सर्वसाधारण स्त्रियांना तपासलें, हें त्याचें वैशिष्ट्य. शंभरांतील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकीं किंवा जननेंद्रियांच्या रोगांपैकीं कांहीं ना कांहीं होतें. एकेका स्त्रीला सरासरीनें तीनांहून अधिक विकार होते. आणि यापूर्वीं कधीं तरी अशी तपासणी करून घेतलेल्या स्त्रिया किती? शंभरांत आठ.

या आंकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हे विकार म्हणजे कर्करोग नव्हे. अंगावरून पांढरें जाणें, योनिमार्गाचा दाह, मुखाला आलेली सूज, पाळीच्या वेळचें दुखणें, असे नित्याचे विकार. त्यांतील पुष्कळसे थोड्या दिवसांच्या औषधानें बरे होणारे. परंतु स्त्रिया ते सोसत होत्या, कारण हें असें असतेंच, आईला होतें, सासूला होतें, अशी त्यांची समजूत. ज्या घरांत पांढरें जाण्याविषयीं बोलणें नाहीं, त्या घरांत मुखाच्या परीक्षेला कोण जाणार?

गडचिरोलीहून आतां सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीस येऊं. तेथें १९८० नंतरच्या दशकांत एक कर्करोग रुग्णालय उभें राहिलें आणि त्याच्या आश्रयानें आसपासच्या खेड्यांतील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागांतील अशी देशांतील ती पहिली. नोंदींवरून दिसलें कीं, स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत अधिक आणि त्या येतात तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. कार्यकर्ते गांवोगांव जाऊन बोलूं लागले. सांगणें साधें होतें: पाळी कायमची गेल्यावर पुन्हां रक्त दिसलें, दोन पाळींच्या मध्यें किंवा संबंधानंतर रक्त गेलें, दुर्गंधीचें पाणी जाऊं लागलें, तर घरीं बसूं नका. यंत्र नाहीं, औषध नाहीं, केवळ एवढें सांगणें. थोड्याच वर्षांत तेथें येणाऱ्या रोगिणींमध्यें प्रारंभींच्या अवस्थेंतील रोगिणींचें प्रमाण वाढलें, असें आढळून आलें. या एका गोष्टीला मी मोठमोठ्या यंत्रांच्या बरोबरीनें महत्त्व देतों.

तेथूनच जवळ, तेव्हांच्या उस्मानाबाद व आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत, १९९९ पासून एक फार मोठी चाचणी झाली. बार्शीचें रुग्णालय, मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं मिळून ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची गांवगटांवार चार भागांत विभागणी केली. एका भागांत विषाणूची परीक्षा, दुसऱ्यांत पॅप परीक्षा, तिसऱ्यांत शिरक्याचें द्रव्य लावून डोळ्यांनीं पाहणें, आणि चौथ्यांत केवळ माहिती व नेहमींची व्यवस्था. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आयुष्यांत एकदांच केलेल्या विषाणूच्या परीक्षेनें या रोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले. एकदांच केलेल्या बाकीच्या दोन परीक्षांनीं मृत्यूंत निश्चित म्हणतां येईल असा फरक पडला नाहीं. मराठवाड्यांतील शेतकरी स्त्रियांनीं दिलेल्या या उत्तरावर पुढें जगाचे नियम बदलले, हें आपल्यापैकीं किती जणांना माहीत आहे?

मुंबईंत मात्र शिरक्याच्या बाटलीला वेगळें यश मिळालें. टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांमध्यें चाचणी चालविली. तपासणाऱ्या कोण? डॉक्टर नव्हेत, परिचारिकाहि नव्हेत. दहावीपर्यंत शिकलेल्या साध्या स्त्रिया. त्यांना चार आठवडे शिकविलें. कापसाच्या बोळ्यानें पातळ ॲसेटिक ॲसिड लावावयाचें, मिनिटभर थांबावयाचें, विजेच्या दिव्याच्या उजेडांत पांढरा डाग दिसतो कीं काय तें पाहावयाचें. दिसला तर रुग्णालयांत पाठवावयाचें. उत्तर जागच्या जागीं. पत्राची वाट पाहणें नाहीं. दर दोन वर्षांनीं अशा चार फेऱ्या झाल्या, आणि बारा वर्षांनंतर तपासलेल्या गटांत या रोगाचे मृत्यु शंभरास ३१ या प्रमाणांत कमी झाल्याचें दिसलें. एकदां पाहून जें साधलें नाहीं तें पुनःपुन्हां पाहून साधलें.

या यशाला दुसरी बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें योग्य नाहीं. दोन्ही ठिकाणीं निम्म्या किंवा चौथ्या हिश्श्याच्या स्त्रिया तुलनेसाठीं परीक्षेवांचून ठेवल्या होत्या. भारतांतील अशा तीन चाचण्यांत मिळून परीक्षा न झालेल्या गटांतील अडीचशेंहून अधिक स्त्रिया या रोगानें मेल्या. पॅप परीक्षा उपयोगी आहे हें पन्नास वर्षें सिद्ध असतां या स्त्रियांना तिच्यावांचून कां ठेवलें, असा प्रश्न अमेरिकेंतील व भारतांतील टीकाकारांनीं केला. संशोधकांचें उत्तर असें कीं, येथें नेहमींची व्यवस्था म्हणजे कांहींच नसणें हीच होती. त्या स्त्रियांना माहिती दिली होती, आणि ज्या आपण होऊन आल्या त्यांवर उपचारहि झाले. हें उत्तर खोटें नाहीं. तरी तें माझ्या मनाचें पूर्ण समाधान करीत नाहीं. देशांत कांहीं नाहीं, हें चाचणीचें समर्थन होऊं शकेल; देशाचें तें होऊं शकत नाहीं. आणि त्याहून बोंचणारी गोष्ट अशी कीं, निकाल लागल्यावरहि ती परीक्षा घरोघर पोचली नाहीं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ३० ते ४९ वर्षें वयाच्या शंभर स्त्रियांपैकीं जेमतेम दोघींनीं ही परीक्षा कधीं तरी करून घेतल्याचें आढळलें.

परीक्षा पोचली नाहीं. रोगाचें भय मात्र पोचलें. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांची हकीकत २०१९ सालीं वर्तमानपत्रांतून आली, ती आपण वाचली असेल. एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेऊन जाते. एक दिवस खाडा झाला कीं दंड. पाळीचे दिवस, पांढरें जाणें, ओटीपोटाचें दुखणें, हें सारें उसाच्या फडांत सोसावयाचें, जेथें न्हाणीघर नाहीं कीं शौचकूप नाहीं. अशा स्त्रिया डॉक्टरकडे गेल्या कीं पिशवी काढून टाका, नाहीं तर कॅन्सर होईल, असें त्यांना सांगण्यांत येई, असें अनेकींनीं सांगितलें. शासनानें समिति नेमून सुमारें ८२ हजार स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. त्यांत कित्येक चाळिशीच्या आंतल्या. ज्या तक्रारीला आठ दिवसांच्या गोळ्या पुरल्या असत्या तिच्यासाठीं अवयव गेला, डोक्यावर कर्ज चढलें, आणि कंबरदुखी जन्माची सोबतीण झाली. अंगावरून पांढरें जाणें याचा अर्थ कर्करोग नव्हे, आणि संशय आलाच तर आधीं परीक्षा व मग उपचार, एवढें जर त्या स्त्रियांना कोणी आधीं सांगितलें असतें! मुखावर केवळ प्रारंभींचा बिघाड असेल तर तेवढाच भाग अतिथंड वायूनें किंवा उष्णतेनें नाहींसा करतां येतो. त्यासाठीं भूल लागत नाहीं, आणि पिशवी जागच्या जागीं राहते.

लसीची गोष्ट थोडक्यांत सांगतों. विषाणु ओळखला गेल्यामुळें त्याविरुद्ध लस करतां आली व २००६ सालीं ती प्रथम वापरांत आली. विषाणूशीं गांठ पडण्यापूर्वीं ती टोंचणें श्रेयस्कर, म्हणून ९ ते १४ वर्षें हें वय तिच्यासाठीं सांगितलें जातें. पुण्याच्या सीरम संस्थेनें बनविलेली देशी लस २०२२ च्या सप्टेंबरांत जाहीर झाली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं असें उद्दिष्ट ठरविलें कीं, २०३० पर्यंत शंभरांतील ९० मुलींना पंधराव्या वर्षापूर्वीं लस मिळावी, ७० स्त्रियांची ३५ व्या व ४५ व्या वर्षीं चांगल्या प्रतीची परीक्षा व्हावी, आणि रोग सांपडलेल्या ९० स्त्रियांवर उपचार व्हावेत. लस घेतलेल्या मुलीनेंहि तिशीनंतर परीक्षा करून घ्यावयाची असते, कारण लस विषाणूच्या साऱ्याच जातींना आवरीत नाहीं. आणि ज्या आज चाळिशींत आहेत त्यांना लसीचा फारसा उपयोग नाहीं, त्यांच्यासाठीं परीक्षाच.

त्या परीक्षेचें रूपहि आतां पालटलें आहे. २०२१ सालच्या सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेनें विषाणूच्या परीक्षेला अग्रस्थान दिलें; सर्वसाधारण स्त्रीनें ती तिशीपासून पांच ते दहा वर्षांनीं करावी, असें सांगितलें. उस्मानाबादच्या स्त्रियांचें उत्तर तेथें कामीं आलें. या परीक्षेसाठीं मुख डोळ्यांनीं पाहण्याची गरज नसते. पेशींचा नमुना मिळाला कीं झालें, आणि तो नमुना स्त्री स्वतःच घेऊं शकते. आरोग्यसेविका घरीं येऊन तिला मऊ टोंकाची एक काडी आणि एक लहान नळी देते. स्त्री आंतल्या खोलींत जाते, दार लावून घेते, काडी आंत सरकवून दोन-चार वेळां फिरविते, ती नळींत घालून बूच बसविते, आणि बाहेर येऊन नळी सेविकेच्या हातांत देते. नळीवर तिचें नांव लिहावें लागतें.